टकली सोनकी आणि चौगुलेबाई

चौगुलेबाईंच्या शोकसभेत व्यासपीठामागे जो बॅनर लावला होता, त्यावर बाईंच्या फोटोशेजारी एक फूल छापलं होतं. टपोरं, नारिंगी-पिवळं, पाकळ्या पसरून हसणारं. खाली लिहिलं होतं, 'सड्यावरच्या फुलांची सखी'. फूल कॉसमॉसचं होतं. म्हणजे परदेशातून बागेत आलेलं, बागेतून रस्त्याकडेला सुटलेलं आणि तिथून आमच्या डोंगरांवर चढायला निघालेलं. हे फूल सड्यावर, डोंगरमाथ्याच्या पठारावर, येऊ देऊ नका, हे सांगून सांगून बाईंचा घसा बसला होता. तेच त्यांच्या डोक्याशी लावून कॉलेजनं त्यांना श्रद्धांजली वाहिली.

बॅनर ज्यानं छापून आणला होता त्या तरुण सहकाऱ्याला मी सभेनंतर विचारलं. तो म्हणाला, "सर, डेझीच आहे ना ती? बाईंचा विषय डेझीच होता की." मग त्यानं बॅनर नीट गुंडाळून ठेवला. पुढच्या कुणासाठी तरी उपयोगी पडेल म्हणून असेल.

सभेत जे बोलले त्यांच्यापैकी प्रत्येकानं बाईंचं फुलांवर जिवापाड प्रेम होतं, असं सांगितलं. मी बाईंच्या शेजारच्या खुर्चीवर स्टाफरूममध्ये वर्षानुवर्षं बसलो. प्रेमाबिमाची मला काही खूण दिसली नाही. बाईंना फुलांचा संशय होता. कुठलंही पिवळं फूल दिसलं की त्या भुवया आकसून त्याच्याकडे बघत. फौजदार नाक्यावर थांबवलेल्या गाडीकडे बघतो, तसं.

बाई वनस्पतिशास्त्र शिकवत. गाव आष्ट्याजवळचं, घर जैन शेतकऱ्यांचं, शेतात ऊस आणि सोयाबीन. नोकरी साताऱ्यात. लग्न केलेलं नव्हतं. गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं भिंग असायचं, त्याला मुलं बाईंचं मंगळसूत्र म्हणत आणि बाईंना ते ठाऊक होतं. सुती साडी, खाली कॅनव्हासचे पांढरे बूट, खांद्याला पिशवी आणि पिशवीत घडी घातलेलं खताचं रिकामं पोतं. पोतं घरून आणलेलं, धुऊन धुऊन मऊ झालेलं, पण त्यावरची 'युरिया' ही अक्षरं शेवटपर्यंत गेली नाहीत. सड्यावर गेलं की बाई ते पोतं अंथरून त्यावर पालथ्या झोपत आणि भिंग डोळ्याला लावत.

त्या झोपत, कारण त्या उपटत नसत. त्यांच्या घरात कांदा, बटाटा, मुळा, जमिनीखालचं काही चालत नाही, आणि दिवस मावळायच्या आत जेवण उरकतं. मुळाला हात लावायचा नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. त्यात वनस्पतिशास्त्र शिकायला गेल्या. त्या शास्त्रात झाड ओळखलं म्हणजे ते मुळासकट उपटून, वर्तमानपत्रात दाबून, वाळवून, जाड कागदावर चिकटवून ठेवायचं असतं. बाईंनी शिकताना हे कसं निभावलं, मी विचारलं होतं. "मैत्रिणी उपटायच्या, मी चिकटवायची," त्या म्हणाल्या. "पण नोकरी लागली त्या दिवशी ठरवलं, आता तेही नाही. झाड जिथं आहे तिथं मी जायचं. त्याला कशाला बोलवायचं?"

स्टाफरूममध्ये ह्यावरून त्यांची पुष्कळ चेष्टा व्हायची. शेंगदाण्याची पुडी पुढे करत कुणीतरी विचारायचं, "बाई, भुईमूग जमिनीखालीच लागतो की, तो चालतो?" बाई चार दाणे उचलून तोंडात टाकत आणि म्हणत, "शेंग आहे ती, मूळ नव्हे. शाळेत झोपा काढल्यात तुम्ही."

प्रात्यक्षिकाला मात्र फूल चिरावं लागतं. त्यावर बाईंनी तोड काढली होती. कॉलेजात कार्यक्रमांना तोटा नाही. पाहुणे येतात, हार पडतात, पाहुणे जातात, हार टेबलावर तसेच राहतात. बाई ते हार गोळा करून प्रयोगशाळेत नेत. "मेलेलंच आहे, आता शिकायला तरी लागू दे." झेंडू, शेवंती, गुच्छातला जर्बेरा, सगळं सोनकीच्याच कुळातलं. मुलांच्या पिढ्यान् पिढ्या माजी मंत्र्यांच्या, कुलगुरूंच्या आणि उद्योगपतींच्या गळ्यातल्या फुलांवर शिकल्या. पाहुण्यांचा ह्याहून जास्त उपयोग झाल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

सोनकी म्हणजे काय, हे सांगायला हवं. साताऱ्याच्या पश्चिमेला जांभ्या खडकाची सपाट पठारं आहेत, त्यांना सडा म्हणतात. पाऊस ओसरता ओसरता ह्या सड्यांवर वीतभर उंचीची पिवळी फुलं येतात आणि सगळा डोंगर हळदीनं माखल्यासारखा दिसतो. ती सोनकी. लोक गाड्या भरभरून येतात, तिच्यात बसून फोटो काढतात आणि जातात. त्यांच्या दृष्टीनं सोनकी एकच. बाईंच्या दृष्टीनं ती एक नव्हती.

"तोंड बघू नका," बाई मुलांना सांगत. "तोंडं सगळ्यांची सारखी. मान बघा." फुलाखाली जी हिरवी वाटी असते, तिला त्या मान म्हणत. एकीच्या मानेला खाली बारीक हिरव्या टिकल्यांचा कंठा असतो, दुसरीची मान रिकामी. एकीचं पान देठावर येतं, दुसरीचं पान दोन कान काढून खोडाला मिठी मारतं. "आणि एवढ्यानंही भागलं नाही, तर थांबा. फूल मरेपर्यंत थांबा. बी झाल्यावर खरं काय ते कळतं."

हे थांबणं म्हणजेच बाईंचं खरं काम होतं. फुलं असेपर्यंत सड्यावर जत्रा. फुलं सुकली, सडा करपला, गाड्या बंद झाल्या, की बाई जायच्या. कॉलेजची जुनी जीप आणि तिचा ड्रायव्हर बिरू एवढाच त्यांचा लवाजमा. बिरू माणमधल्या दहिवडीकडचा धनगर, बाप अजून मेंढरं राखणारा. मीही पुष्कळदा रिकामा असल्यानं जात असे. बाई पोत्यावर पालथ्या पडल्या की बिरू बोनेटला टेकून तंबाखू मळत म्हणायचा, "आवं बाई, आमचं मेंढरू ह्या झाडाला तोंड लावत न्हाई. आन् तुमी तर पार नाक खुपसलंय."

"मेंढरू शहाणं आहे. विष असतं ह्यात."

"मग तुमी कशापायी?"

"मी मेंढरू नाही म्हणून."

सड्याच्या खालच्या अंगाला एक कट्टा होता. वरच्या पठारापासून पुरुषभर खाली उतरलेला, मातीचा पातळ थर असलेला, पाणी झिरपत राहणारा. तिथली सोनकी ठेंगणी. तिची पानं खोडाला मिठी मारणारी, मान रिकामी. बी झाल्यावर बाईंना तिच्यात आणखी एक गोष्ट दिसली. मोठ्या सोनकीच्या सगळ्या बियांच्या डोक्यावर पांढऱ्या केसांची शेंडी असते, वाऱ्यावर उडायला. ह्या ठेंगणीच्या मधल्या बियांना शेंडी होती, पण कडेच्या बियांना नव्हती. त्या टकल्या. उडत नाहीत, आईच्या पायाशीच पडतात. त्यामुळे ही सोनकी तो कट्टा सोडून फारशी कुठे जात नाही. बाईंनी आजूबाजूचे सडे पालथे घातले, अक्षरशः पालथ्या पडून, पण टकली त्यांना दुसरीकडे सापडली नाही.

"नवीन आहे का ही?" मी विचारलं.

"नवीन कशाची? ती आपल्या आधीपासून आहे. आपण नवीन." मग भिंग पुसत म्हणाल्या, "पण नाव नाही तिला, एवढं खरं."

एकदा कॉलेज तपासायला समिती आली होती. प्राचार्यांनी समितीला सड्यावर नेण्याचा बेत केला, बाहेरच्या पाहुण्यांना फुलं आवडतात म्हणून. समितीचे अध्यक्ष सुटाबुटात होते. त्यांनी बाईंना विचारलं, "मॅडम, तुमच्या संशोधनाचं वैशिष्ट्य काय?" बाईंनी पोतं काढलं, कट्ट्यावर अंथरलं आणि म्हणाल्या, "झोपा." प्राचार्यांचा चेहरा पांढरा पडला. अध्यक्ष मात्र भला माणूस निघाला. टाय खिशात घालून तो युरियावर पालथा झाला आणि बराच वेळ उठलाच नाही. उठला तेव्हा म्हणाला, "खरंच हो, हिला कान आहेत." त्याच्या अहवालात त्या कानांचा उल्लेख कुठे आला नाही. ग्रंथालयाच्या नव्या फर्निचरचा आला.

मग बापूसाहेब आले, आमच्या भागाचे पुढारी. नाव बदलून लिहितो आहे, कारण ते अजून असतात आणि सगळीकडे असतात. त्यांच्या पुढाकारानं सड्यावर पुष्प-महोत्सव भरवायचं ठरलं. त्यासाठी मांडव आणि गाड्या उभ्या करायला सपाट जागा हवी होती. वरच्या पठारावर नेलं तर फुलं तुडवली म्हणून वर्तमानपत्रं ओरडणार. खालचा कट्टा सोयीचा, रस्त्याला लागून. बाईंना कळलं तेव्हा त्या बोलावणं नसताना बैठकीला गेल्या. मीही होतो, कारण महोत्सवाचं सूत्रसंचालन माझ्याकडे आलं होतं. कुठेही माईक उभा राहिला की मराठीच्या मास्तराला बोलावतात.

बाईंचं मागणं अगदी लहान होतं. "दिवाळीपर्यंत थांबा. झाड एका वर्षाचं असतं. आत्ता फुलात आहे. बी पडलं की ते आपोआप मरतं, मग काय घालायचं ते मांडव घाला. बी पडायच्या आधी जागा सपाट केलीत तर पुढच्या वर्षी तिथं काही उगवणार नाही. कायमचं."

"बाई," बापूसाहेब हसून म्हणाले, "दिवाळीला फुलं असत्यात का? फुलंच नसली तर महोत्सव कशाचा?"

"फुलांचा करताय ना? मग फुलांसाठी थांबा."

"आवं पण सोनकी हाय ती. आख्खा डोंगर भरलाय सोनकीनं."

बैठकीला एक तज्ज्ञ बोलावलेले होते. शहरातून आलेले, शांत आवाजाचे. त्यांनी बाईंचं सगळं ऐकून घेतलं, फोटो पाहिले, चित्रं पाहिली. कागदाच्या पुडीतल्या टकल्या बियाही भिंगाखाली पाहिल्या. मग विचारलं, "नमुना कुठं आहे? मुळासकट, फुला-फळासह, एका कागदावर?"

"नमुना कट्ट्यावर आहे. जिवंत. चला दाखवते, तासाभराची वाट आहे."

"मॅडम, फोटो कुठलाही असू शकतो, बी कुठल्याही झाडाचं असू शकतं. नमुना नसेल तर शास्त्राच्या दृष्टीनं हे झाड नाही."

मला त्या माणसाचा संताप आला होता आणि अजून येतो, कारण तो बरोबर होता. शास्त्र तसंच चालतं. पण ज्या झाडाला तो 'नाही' म्हणत होता, ते तासाच्या अंतरावर वाऱ्यात हलत होतं आणि जायची त्याला गरज वाटली नाही. जेवण तयार होतं.

"मग आणा की उपटून एक," बापूसाहेब म्हणाले. "त्यात काय एवढं? आमी गवत उपटतोच."

"मी उपटत नाही," बाई म्हणाल्या.

बैठकीत हशा पिकला. वनस्पतिशास्त्राची बाई आणि झाड उपटत नाही! बाईंनी पोत्याची पिशवी उचलली. त्या दारापर्यंत गेल्यावर बापूसाहेबांनी मागून हाक मारली, "बाई, नाराज होऊ नका. तुमच्या सोनकीचं आपण पुनर्वसन करू. शब्द हाय माझा."

शब्द त्यांनी पाळला. उद्घाटनाच्या सकाळी बिरूनं आम्हाला जीपमधून नेलं. वळणावर त्यानंच गाडी थांबवली. कट्ट्यावर मुरूम पसरून रोलर फिरवला होता, वर लाल-पांढरा मांडव, मांडवात खुर्च्या, खुर्च्यांना पांढरे अभ्रे आणि पाठीमागे सॅटिनच्या गाठी. "बाई," बिरू म्हणाला, "हितंच की वो तुमची फुलं."

मांडवाच्या तोंडाशी सिमेंटच्या कुंड्या ओळीनं मांडल्या होत्या. प्रत्येक कुंडीत सोनकी, ताजी खणून आणलेली, दुपारच्या उन्हाआधीच मान टाकू लागलेली. फलक होता, 'दुर्मिळ सोनकी पुनर्वसन प्रकल्प'. ज्या मजुरांना खणायला पाठवलं होतं त्यांना कुणी काय सांगणार? त्यांनी जी उंच आणि भरघोस दिसली ती आणली. वरच्या पठारावरची, नेहमीची, मोठी सोनकी. दुर्मिळ होती ती मुरमाखाली गेली आणि डोंगरभर होती तिचं पुनर्वसन झालं.

मी माईकवर होतो. मला दिलेल्या कागदावर बाईंच्या सत्काराची ओळ होती, ती वाचणं भाग होतं. बाई वर आल्या. बापूसाहेबांनी शाल पुढे केली. बाईंनी शालीकडे पाहिलंच नाही. व्यासपीठावर शोभेला ठेवलेल्या कुंडीपाशी वाकल्या, एक फूल बोटानं वर उचलून त्याची मान पाहिली आणि माझ्यासमोरच्या माईकमध्ये म्हणाल्या, "ही ती नव्हे."

बापूसाहेब सावरून म्हणाले, "बाई, सोनकी ती सोनकी. पिवळी हाय का न्हाई?"

"बापूसाहेब, तुमच्या गावात फेटा बांधला की प्रत्येकजण सरपंच होतो का?"

मागच्या रांगांतून शिट्ट्या आल्या. बापूसाहेबही हसले, राजकारणात हसणं वेळेवर यावं लागतं. बाई मात्र हसल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "आणि हे झाड एका वर्षाचं आहे. महिन्याभरात तसंही मरणार. पुनर्वसन कशाचं केलंत, तिरडीचं? जिचं करायचं होतं ती तुमच्या खुर्च्यांखाली आहे. सगळे बसलाय तिच्यावर." मग त्या उतरून चालत्या झाल्या. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बापूसाहेबांचा कुंडीसह मोठा फोटो आला. खाली लिहिलं होतं की ज्येष्ठ महिला अभ्यासकांनी प्रकल्पाला मार्गदर्शन केलं.

दिवाळीच्या आसपास एके दुपारी बाई स्टाफरूममध्ये म्हणाल्या, "सर, रिकामे आहात?" कॉलेजला सुट्टी लागत होती, त्या कट्टा बघून तिकडूनच सांगलीची एस.टी. धरून गावी जाणार होत्या. बिरूनं जीप काढली.

मांडव उठला होता. कट्टा लाल, टणक, मोकळा पडला होता. फक्त कडेला, जिथे जांभ्याच्या एका उंचवट्यानं रोलरला जुमानलं नव्हतं, तिथे पसाभर मातीत काही वाळकी काटकुळी उभी होती. बाईंनी पोतं अंथरलं, भिंग लावलं. बराच वेळ त्यांचे फक्त पांढरे बूट दिसत होते.

"टकली," त्या म्हणाल्या.

"मग आता?"

बाई उठून बसल्या. त्यांनी त्या रोपांकडे एकेक करून पाहिलं, जसं एखादी बाई घरातून कुणाला पाठवायचं ते ठरवताना मुलांकडे पाहील. मग एकाच्या खाली तळवा धरून त्याची फुलं चोळली. बरंचसं बी त्यांनी उंचवट्यावरच्या मातीत दाबलं, वर ओली माती पसरली. थोडं त्या फुलातच राहू दिलं. पिशवीतून डबा काढला, डब्यातला चमचा काढला.

बिरू पुढे आला. "बाई, ऱ्हाऊ द्या, मी काढतो. तुमाला चालत न्हाई ते. जॅकची टॉमी आणू का गाडीतली, खणायला?"

"नको. तू काढलंस तर ते तुझ्या अंगावर."

त्यांनी चमच्यानं भोवतीनं माती सैल केली. सवय नव्हती, चमचा वाकला. शेवटी बोटं घालून ओढलं तेव्हा मूळ आलं, पांढरं, बारीक, केसाळ. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. आयुष्यभर ह्या झाडाची मान, कान, डोकं पाहिलं, पाय पहिल्यांदाच पाहत होत्या. "बघा," एवढंच म्हणाल्या.

दाबायला कागद हवा होता. बिरूनं सीटखालचं जुनं वर्तमानपत्र आणून दिलं. बाईंनी घडी उघडली तर आत बापूसाहेब कुंडी धरून उभे. बाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, मग टकली सोनकी त्यांच्या छातीवर नीट पसरली, पानांचे कान सरळ केले आणि घडी मिटली.

तो नमुना पुढे योग्य त्या ठिकाणी गेला. तिकडून उत्तर आलं की नमुना लक्षणीय आहे, तुलनेसाठी आणखी पाठवावेत. बाईंनी पाठवले नाहीत. त्या उन्हाळ्यात त्या निवृत्त झाल्या, मी तेव्हा आजारी होतो, निरोप समारंभाला जाऊ शकलो नाही. तिथे बाईंना कशाचा गुच्छ दिला, हे मी कुणाला विचारलेलं नाही.

त्या दिवशी कट्ट्यावरून स्टँडवर पोचलो तेव्हा ऊन अजून बसच्या टपांवर होतं. बिरू म्हणाला, "बाई, दिस हाय अजून. गाडी सुटायच्या आत जेवून घ्या, न्हाईतर आष्ट्यापतुर उपाशी ऱ्हाल."

बाईंनी डबा त्याच्या हातात दिला. "तू खा. दशम्या आहेत, दाण्याची चटणी आहे."

"आन् तुमी?"

"आज नाही. उद्याही नाही."

बिरूला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तो चिडला. "आरं तिच्या! डोंगूर ज्यांनी खाल्ला ते ढेकर देत फिरत्यात, आन् उपास तुमाला?"

बाई सांगलीच्या गाडीत चढल्या. खिडकीशी बसल्या, वर्तमानपत्राची घडी युरियाच्या पोत्यात गुंडाळून मांडीवर ठेवली आणि त्यावर दोन्ही हात दाबून धरले. कंडक्टर आला, ते वर फळीवर ठेवा म्हणाला. बाईंनी मान हलवली. तिकिटासाठी एक हात सोडावा लागला, तेव्हा मला दिसलं की हात धुवायला स्टँडवर नळ असूनही त्यांनी धुतले नव्हते. नखांत लाल माती तशीच होती.